भविष्य, भाकीत आणि अंदाज

मराठी भाषेंत ‘भविष्य’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि ते रोजच्या बोलण्यांत इतके मिसळून गेले आहेत कीं त्यांतील फरक सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. ‘मुलाचें भविष्य उज्ज्वल आहे’ असें बाप म्हणतो, तेव्हां त्याच्या मनांत पुढें येणारा काळ असतो. ‘मुलाचें भविष्य सांगा’ असें तोच बाप जोशीबोवांस म्हणतो, तेव्हां त्या काळाविषयींचें कथन त्याला हवें असतें. जी गोष्ट अद्याप घडलेली नाहीं ती, आणि त्या गोष्टीविषयीं कोणीं उच्चारलेले शब्द, या दोहोंना एकच नांव मिळालें आहे. भूतकाळाचें तसें झालेलें नाहीं. घडून गेलेला काळ तो भूतकाळ आणि त्याचें कथन तो इतिहास. तेथें दोन वस्तूंना दोन शब्द आहेत. भविष्याच्या बाबतींत काळ आणि कथन यांची भाषेनें जी गांठ मारून ठेवली आहे, तिच्या पोटीं पुष्कळ गोंधळ, पुष्कळ गंमत आणि थोडेंसें दुःखहि सांठलेलें आहे.

मूळ संस्कृतांत ‘भविष्य’ हा शब्द ‘भू’ म्हणजे होणें या धातूपासून निघाला. जें होणार आहे तें भविष्य. ‘भावी’ आणि ‘भवितव्य’ हीं त्याच धातूचीं रूपें. ‘कर्तव्य’ म्हणजे जें केलेंच पाहिजे तें, तसें ‘भवितव्य’ म्हणजे जें झाल्यावांचून राहणार नाहीं तें. आज मात्र ‘शाळेचें भवितव्य अनिश्चित आहे’ असें वाक्य सर्रास लिहिलें जातें. जें अटळ तेंच अनिश्चित, असा विरोध त्या वाक्यांत आहे हें लिहिणाराच्या ध्यानींमनींहि नसतें. शब्दांतील दैववाद कोणीं न हांकलतां आपण होऊन निघून गेला, याचें हें एक चांगलें उदाहरण होय. ग्रामीण मराठीनें हाच प्रवास आपल्या वाटेनें केला. ‘होणें’ या घरगुती क्रियापदापासून तिनें ‘होईक’ हा शब्द बनविला. कोल्हापूर जिल्ह्यांतील पट्टणकोडोली येथें बिरोबाच्या जत्रेंत पाऊसपाणी, पिकें आणि राजकारण यांविषयीं जें सांगितलें जातें, त्यास होईक किंवा भाकणूक म्हणतात. बुलढाणा जिल्ह्यांतील भेंडवळ गांवीं अक्षय्य तृतीयेच्या दिवशीं शेतांत घट आणि धान्यें मांडून ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांत झालेले फेरफार पाहून वर्षाची भाकणूक सांगतात. पंडितांचा ‘भविष्य’ आणि शेतकऱ्याची ‘होईक’ हे एकाच कल्पनेचे दोन वेष आहेत.

भविष्य जाणण्याचे मार्ग माणसानें अनेक शोधले. पण शब्दांच्या साक्षीनें पाहूं गेलें तर मराठींतील असे शब्द मुख्यतः तीन कुळांत विभागले जातात. पहिलें कूळ पाहण्याचें, दुसरें बोलण्याचें आणि तिसरें मोजण्याचें.

पाहण्याच्या कुळाचा मूळपुरुष ‘शकुन’ हा होय. संस्कृतांत शकुन म्हणजे पक्षी. पक्ष्याचें उडणें, त्याची दिशा, त्याचा स्वर यांवरून पुढचें बरेंवाईट ठरविण्याची चाल फार जुनी. ऋग्वेदांत अशा पक्ष्याला उद्देशून केलेलीं सूक्तें आहेत, आणि कपोत व घुबड यांच्या येण्यानें होणारें अनिष्ट टळावें म्हणून केलेली प्रार्थनाहि आहे. पुढें पक्षी मागें राहिला आणि खूण तेवढी उरली. मग कोणत्याहि चिन्हाला शकुन म्हणूं लागले. तरीहि मराठी घरांतून पक्षी अगदींच उडून गेले नाहींत. अंगणांत कावळा ओरडला कीं पाहुणा येणार, भारद्वाज दिसला कीं दिवस चांगला जाणार, ही समजूत अजूनहि ऐकूं येते. ‘पिंगळा’ हें एका लहान घुबडाचें नांव. त्या पक्ष्याची भाषा आपणांस कळते असें सांगत पहांटेस दारोदार फिरणाऱ्या भिक्षेकऱ्यालाहि लोक पिंगळाच म्हणत. पालीनें चुक्‌चुक् केलें कीं बोललेली गोष्ट खरी होते किंवा कांहीं विपरीत घडतें, अशी कल्पना होती. आज जो सुशिक्षित मनुष्य पालीकडे केवळ किळसेनें पाहतो, तोहि ‘मनांत शंकेची पाल चुकचुकली’ असें बिनदिक्कत लिहितो. भिंतीवरची पाल मनांत जाऊन बसली, आणि शकुन सांगण्याऐवजीं ती माणसाच्या स्वतःच्या संशयाचें नांव झाली.

बोलण्याच्या कुळांत ‘भाकीत’ हा शब्द सर्वांत वजनदार आहे. ‘भाषा’ या संस्कृत शब्दापासून प्राकृताच्या द्वारें ‘भाक’ आला. भाक म्हणजे बोल, वचन. भाक देणें म्हणजे शब्द देणें. ‘करुणा भाकणें’ म्हणजे काकुळतीचे शब्द बोलणें. आणि पुढें घडणारें बोलून दाखविणें तेंहि भाकणेंच. जें असें बोललें गेलें तें भाकीत. वचन, विनवणी आणि भविष्यकथन या तीन गोष्टी एकाच क्रियापदाच्या छायेखालीं याव्यात हें अर्थपूर्ण आहे. तिन्हींत मनुष्य उद्यांविषयीं बोलतो. वचनांत तो उद्यांची जबाबदारी स्वतः घेतो, विनवणींत ती दुसऱ्यावर सोंपवितो, आणि भाकितांत ती कोणाचीच राहत नाहीं.

या मराठी शब्दाला एक परदेशी जुळा भाऊ आहे. अरबींत ‘कौल’ म्हणजे बोल किंवा वचन. तो शब्द मुसलमानी अमदानींत दरबारी भाषेंतून मराठींत आला. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्या रयतेला सरकार ‘कौल’ देई; अमुक वर्षें सारा कमी घेऊं, मग क्रमानें वाढवूं, असें तें अभयवचन असे. घाबरून गांव सोडून गेलेल्या लोकांना परत बोलावतांनाहि कौलनामा दिला जाई. हाच शब्द कोंकणांतल्या देवळांत शिरला. तेथें गुरव देवाच्या पाषाणावर ओलीं फुलें, पाकळ्या किंवा तांदुळाचे दाणे लावतो. उजवीकडचें आधीं पडलें तर देवाचा होकार, डावीकडचें पडलें तर नकार. त्यास कौल लावणें म्हणतात. गोमंतकांत ह्यालाच प्रसाद घेणें असेंहि म्हणतात. सरकारनें रयतेस द्यावयाचा शब्द देवानें भक्तास द्यावयाचा शब्द झाला. लोकशाही आल्यावर त्यानें तिसरी उडी मारली. निवडणुकीचा निकाल लागला कीं ‘जनतेनें कौल दिला’ असें वर्तमानपत्रें छापतात. राजा, देव आणि मतदार या तिघांच्याहि तोंडीं एकच अरबी शब्द आहे. अशींच दुसरी जोडी ‘भाग्य’ आणि ‘नशीब’ यांची. भाग्य म्हणजे वांट्याला आलेला भाग. अरबी नसीब म्हणजेहि वांटाच. सटवाई हा शब्द ‘षष्ठी’ वरून आला. बाळाच्या जन्मानंतर सहाव्या रात्रीं ती येऊन कपाळावर लिहिते म्हणून बाळंतिणीच्या खोलींत कोरा कागद व लेखणी ठेवण्याचा प्रघात होता. देवीनें लिहिलेलें कोणीं वाचलेलें नाहीं. पण ‘कपाळांत लिहिलें तें चुकत नाहीं’ या वाक्यानें किती जणांच्या हातांतलें काम गळून पडलें, त्याचा हिशेब कोठेंच नाहीं.

तिसरें कूळ मोजण्याचें. त्याचा इतिहास सर्वांत लांबचा आणि सर्वांत मनोरंजक आहे. ‘होरा बांधणें’ म्हणजे मराठींत अटकळ करणें; फुकटचीं भाकितें करणाऱ्याला थट्टेनें ‘होराभूषण’ म्हणतात. हा होरा मूळचा ग्रीक. त्या भाषेंत तो कालविभागाचा, विशेषतः दिवसाच्या चोविसाव्या भागाचा, वाचक होता. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें बृहज्जातकांत या शब्दाची एक देशी व्युत्पत्ति नोंदवून ठेवली आहे: ‘अहोरात्र’ यांतील पहिलें आणि शेवटचें अक्षर गाळलें कीं ‘होरा’ उरतो. युक्ति सुंदर आहे, पण ती नंतर सुचलेली. वराहमिहिराला यवनांचें ऋण ठाऊक होतें; या शास्त्रांत ते प्रवीण असल्यामुळें ऋषींप्रमाणें पूज्य आहेत असा अभिप्राय त्यानें मोकळ्या मनानें दिला आहे. ‘केंद्र’ हा शब्दहि त्याच वाटेनें आला. ग्रीकांत त्याचा अर्थ टोंकदार खिळा किंवा कंपासाचें रोंवलेलें टोंक. पत्रिकेंतील पहिलें, चवथें, सातवें व दहावें स्थान या चार स्थानांना केंद्रस्थानें म्हणतात. पत्रिकेवर ज्याचा काडीचाहि विश्वास नाहीं, तो मनुष्यहि केंद्र सरकार, आरोग्य केंद्र आणि मतदान केंद्र हे शब्द दिवसांतून दहा वेळां वापरतो. सातव्या म्हणजे विवाहस्थानाला ‘जामित्र’ म्हणतात. तोहि व्यासवाचक ग्रीक शब्दाचा अपभ्रंश आहे. वर्तुळाच्या बरोबर समोरच्या टोंकास जें स्थान, तें जोडीदाराचें.

सात वारांचीं नांवें या होऱ्यांवरूनच निघालीं हें फार थोड्यांस माहीत असतें. आकाशांत ज्याची गति मंद दिसते त्यापासून शीघ्र दिसणाऱ्यापर्यंत क्रम लाविला, तर तो शनि, गुरु, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र असा होतो. दिवसाच्या चोवीस होऱ्यांना या क्रमानें एकेक स्वामी द्यावयाचा आणि पहिल्या होऱ्याच्या स्वामीचें नांव त्या दिवसाला द्यावयाचें. शनिवारीं पहिला होरा शनीचा. सातांची आवर्तनें करतां बाविसावा पुन्हां शनीचा, तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा, आणि पंचविसावा, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला, रवीचा. म्हणून शनिवारानंतर रविवार. तसेंच मोजीत गेलें कीं रविवारानंतर सोमवार येतो. भारतांत वाराचा उल्लेख असलेल्या जुन्या लेखांपैकीं प्रसिद्ध लेख मध्यप्रदेशांतील एरण येथील स्तंभावरचा, बुधगुप्ताच्या कारकीर्दींतला, इ. स. ४८४ मधला, त्यांत देवगुरूचा, म्हणजे गुरुवारचा, निर्देश आहे. शाळेचें वेळापत्रक आणि कचेरीची सुट्टी आज ज्या सात नांवांवर चालते, तीं भविष्य सांगणाऱ्यांच्या गणितांतून निघालेलीं आहेत. हें गणित नंतर आणखी एका दिशेनें समृद्ध झालें. ‘रमल’ म्हणजे अरबींत वाळू. वाळूंत ठिपके काढून उत्तर शोधण्याची ती विद्या. वर्षफलाचें ‘ताजिक’ शास्त्र फारसी-अरबी मार्गानें आलें. १५८७ सालीं नीलकंठानें त्यावर संस्कृत ग्रंथ लिहिला, आणि त्यांतील ‘इत्थशाल’ सारखे शब्द मूळ अरबी आहेत. सोंवळ्यांत बसून सांगितलेल्या भविष्यांत ग्रीस आणि अरबस्तान असे शेजारीं शेजारीं बसले होते.

‘मुहूर्त’ हाहि मोजण्याचाच शब्द. साठ घटिकांचें अहोरात्र, दोन घटिकांचा मुहूर्त. म्हणजे मुहूर्त अठ्ठेचाळीस मिनिटांचा आणि घटिका चोवीस मिनिटांची. बुडास बारीक भोंक असलेली वाटी पाण्यांत सोडावयाची. ती भरून बुडाली कीं एक घटिका झाली. विवाहसमयीं या घटिकापात्राकडे सर्वांचे डोळे लागलेले असत, आणि ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार तेथूनच आला. भास्कराचार्याच्या लीलावतीची दंतकथा याच पात्राभोंवतीं गुंफलेली आहे. अकबराच्या दरबारांतील फैजीनें १५८७ सालीं केलेल्या ‘लीलावती’ च्या फारसी भाषांतरांत ती सांगितलेली आहे. कन्येच्या कपाळचें वैधव्य टाळण्यासाठीं पित्यानें अचूक मुहूर्त काढला. वाकून पाहतांना तिच्या अंगावरील मोतीं पात्रांत पडून भोंक बुजलें, पाणी चढलें नाहीं आणि मुहूर्त टळला. कथा खरी असो वा नसो, एवढ्या मोठ्या गणितज्ञाच्या नांवावर लोकांनीं ती बसविली यांत मर्म आहे: गणित चुकलें नाहीं, भोंक बुजलें. भाकीत फसलें असतां दोष शास्त्राचा नसून साधनाचा, हें समर्थन त्या कथेइतकेंच जुनें आहे. आजच्या बोलण्यांत मुहूर्त पुष्कळ सैल झाला आहे. ‘घराची दुरुस्ती करायची आहे, पण मुहूर्त लागत नाहीं’ असें गृहिणी म्हणते तेव्हां तिच्या मनांत पंचांग नसतें, पतिराजांचा आळस असतो.

या तिन्ही कुळांचा गांवपातळीवरचा प्रतिनिधि म्हणजे जोशी. ‘ज्योतिषी’ या शब्दाचें तें घरगुती रूप, आणि कालांतरानें आडनांव. गांवगाड्यांत जोशाला वतन असे. पेरणीपासून पाचवीपर्यंत दिवस सांगणें हें त्याचें काम. त्याच्याजवळचें पंचांग बहुधा ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावर रचलेलें असे. तो ग्रंथ कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञानें १५२० सालीं लिहिला आणि ग्रहगणित इतकें सुलभ केलें कीं सामान्य जोशालाहि तें करतां यावें. १८३१ सालीं मुंबईस गणपत कृष्णाजी यांनीं पंचांग छापून काढलें, आणि जोशाच्या पोथींतलें ज्ञान विकत मिळूं लागलें. एकोणिसाव्या शतकांत केरो लक्ष्मण छत्रे यांनीं आकाशांत प्रत्यक्ष दिसणाऱ्या ग्रहांशीं पंचांगाचा मेळ बसविण्याचा उद्योग आरंभिला. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ सालीं प्रसिद्ध झाला, आणि या सर्व परंपरेचा इतिहास मराठी वाचकाच्या हातीं आला. २२ जानेवारी १८९८ रोजीं महाराष्ट्रांतून खग्रास सूर्यग्रहण दिसलें. पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीं जेऊर येथें तळ ठोकून त्याचे वेध घेतले. ग्रहण सांगितल्या वेळीं लागलें आणि सांगितल्या वेळीं सुटलें.

येथेंच सर्व प्रश्नाची गुरुकिल्ली आहे. पंचांगाच्या एकाच पानावर ग्रहणाची वेळ असते आणि त्याच पानावर ग्रहणाचें फलहि असतें. पहिली गोष्ट मोजून काढलेली, दुसरी परंपरेनें सांगितलेली. ग्रहणाची वेळ दरवेळीं खरी ठरे. त्या खरेपणाची पत फलानें उसनी घेतली. जो मनुष्य सूर्य केव्हां झांकला जाईल हें मिनिटागणिक सांगतो, तो मुलीचें लग्न कधीं होईल हें कां सांगूं शकणार नाहीं, असें सामान्य माणसाला वाटलें तर त्यांत नवल नाहीं. ‘ज्योतिष’ या एकाच शब्दाखालीं दोन्ही गोष्टी चालत राहिल्यामुळें हा घोटाळा कायम राहिला.

लोकभाषेनें मात्र आपल्यापुरता हिशेब चुकता केला आहे. तिनें फलज्योतिषाचे शब्द घेतले, पण बहुधा होऊन गेलेल्या गोष्टींसाठीं वापरले. पंचांगांत संक्रांत ही एका वाहनावर बसलेली देवता. ती जेथें जाते, जेथें पाहते, तेथें अनिष्ट. म्हणून तिळगूळ वांटण्याच्या सणाचें नांव असूनहि ‘संक्रांत येणें’ म्हणजे संकट कोसळणें. दशा म्हणजे ग्रहाचा अंमल. वाईट दशा ती अवदशा, आणि तिची झाली ‘अवदसा’. भाद्रपद वद्य षष्ठीस मंगळवार, रोहिणी नक्षत्र आणि व्यतीपात हीं एकत्र आलीं कीं कपिलाषष्ठी होते, आणि असें क्वचितच घडतें. म्हणून दोन व्यस्त मित्रांची गांठ पडली कीं ‘कपिलाषष्ठीचा योग’ म्हणावयाचें. पाऊस पडेल का असें विचारल्यावर मान हलविणारा नंदीबैल आज सभासमित्यांतून होयबा सभासदांच्या रूपानें भेटतो. या सर्व वाक्प्रचारांत भाकीत उरलेलें नाहीं, वर्णन उरलें आहे. आणि तें निरुपद्रवी आहे.

परंतु कांहीं शब्द अद्याप निरुपद्रवी झालेले नाहींत. काळाला लागावयाचे शब्द जेव्हां माणसाला लागतात तेव्हां त्यांना धार येते. शकुन हा पक्षी होता. अपशकुन मात्र पुष्कळदां विधवा ठरली. शुभकार्यास निघतांना ती समोर येऊं नये, ओटी तिनें भरूं नये, हा दंडक घरोघर चालला. नवी सून आल्यावर घरांत मृत्यु झाला तर तीच ‘पांढऱ्या पायाची’. विधवाविवाहास कायद्यानें १८५६ सालीं मान्यता दिली, धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं स्वतः विधवेशीं विवाह केला. पण कायद्यानें आणि उदाहरणानें जें थोडें पालटलें तें ‘अपशकुनी’ या एका शब्दानें घरांघरांत पुष्कळ काळ अडवून धरलें. ‘मंगळ’ या शब्दाचेंहि तसेंच. मूळ अर्थ शुभ. परंतु ‘मुलीला मंगळ आहे’ असें म्हणतांच मध्यस्थाचा आवाज खालीं येतो. पत्रिकेच्या बारा स्थानांपैकीं पहिलें, चवथें, सातवें, आठवें आणि बारावें या पांच स्थानांत मंगळ असला तर तो दोष मानतात. बारांतील पांच म्हणजे ढोबळ मानानें शंभरांतील चाळिसांहून अधिक माणसें सदोष झालीं. साडेसातीचा हिशेबहि पाहण्याजोगा आहे. शनि सुमारें साडेएकोणतीस वर्षांत एक फेरी करतो, म्हणजे एका राशींत अडीच वर्षें. जन्मराशीच्या मागची, जन्मराशि आणि पुढची अशा तीन राशी मिळून साडेसात. बारा राशींपैकीं तीन नेहमींच या फेऱ्यांत सांपडलेल्या असतात. म्हणजे कोणत्याहि दिवशीं लोकांपैकीं चौथा हिस्सा साडेसातींत असतो. इतक्या लोकांवर एकाच वेळीं सारखें संकट असेल, तर तें संकट म्हणजे सामान्य संसारच होय.

या विषयाची परीक्षा पुण्यांतच झाली. २००८ सालीं खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनीं, पुणें विद्यापीठांतील संख्याशास्त्रज्ञ आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोळकर यांच्या सहकार्यानें, एक साधी चांचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा घेऊन पत्रिका तयार केल्या. ज्योतिष्यांना प्रत्येकीं चाळीस पत्रिका देऊन विचारलें, यांतलें कोणतें मूल कोणत्या गटांतलें? सत्तावीस ज्योतिष्यांनीं उत्तरें पाठविलीं. बरोबर उत्तरांचें सरासरी प्रमाण शेंकडा ४६ भरलें. नाणें उडवून सांगितलें असतें तर सुमारें पन्नास भरलें असतें. १८९८ मधलें ग्रहण आणि २००८ मधली ही चांचणी शेजारीं ठेवली कीं पंचांगाच्या पानावरील दोन ओळींचें नातें निराळें सांगावें लागत नाहीं.

आतां ‘अंदाज’ या शब्दाकडे वळावें. हा फारसी, त्याच्या मुळाशीं माप आहे. ‘अजमावणें’ हाहि फारसी, त्याच्या मुळाशीं कसोटी आहे. ‘ठोकताळा’ यांतील ‘ताळा’ म्हणजे केलेली बेरीज बरोबर आहे कीं नाहीं हें पडताळून पाहण्याची रीत. या शब्दांचा स्वभाव असा कीं, चूक होऊं शकते हें त्यांना जन्मतःच मान्य आहे. हिंदुस्थानांत हवामानखातें १८७५ सालीं स्थापन झालें. हिमालयांतील बर्फावरून पावसाचें अनुमान बांधण्याचा प्रयत्न हेन्री ब्लॅनफर्ड यांनीं केला, आणि १८८६ पासून मोसमी पावसाचे अंदाज नियमानें प्रसिद्ध होऊं लागले. १९२८ सालीं या खात्याचें मुख्य ठाणें सिमल्याहून पुण्यास आलें. तें १९४४ सालीं दिल्लीस गेलें, तरी ‘सिमला ऑफिस’ हें इमारतीचें नांव पुणेकरांच्या तोंडीं अजून टिकून आहे. हें खातें ‘पाऊस पडेल’ असें भाकत नाहीं. दीर्घकालीन सरासरीच्या शेंकडा ९६ ते १०४ पाऊस झाला तर तो सामान्य समजावा, असें तें आधीं ठरवून सांगतें, आणि आपल्या अंदाजांत चूक किती पडूं शकते तेंहि सांगतें. पुढल्या वर्षीं कोणीहि जुना अंदाज काढून ताळा पाहूं शकतो. अंदाज चुकला कीं लोक खात्याची थट्टा करतात, आणि तसा त्यांना अधिकार आहे. कारण चूक दाखवितां येईल असें कांहींतरी तेथें बोललें गेलेलें असतें. भेंडवळच्या शेतांतील घटाकडे आणि पुण्याच्या वेधशाळेकडे पाहणारा शेतकरी एकच असतो. त्याची गरज खरी आहे. बियाणें केव्हां विकत घ्यावें आणि केव्हां पेरावें यावर त्याचें वर्ष अवलंबून असतें. अशा माणसाला धीर लागतो, आणि खात्रीचा शब्द देणारा त्याला अधिक जवळचा वाटतो. पण धीर देणें निराळें आणि माहिती देणें निराळें. दोहोंसाठीं भाषेजवळ निरनिराळे शब्द आहेत, ते निरनिराळ्या ठिकाणींच वापरले पाहिजेत.

शब्दांचा हा इतिहास पाहतां एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्या शब्दांनीं ताळा पाहूं दिला ते कामाचे झाले, ज्यांची थट्टा झाली ते भाषेचे अलंकार झाले, आणि जे माणसांच्या कपाळीं चिकटले ते जाचक झाले. पुराणांत कंसाला देवकीच्या आठव्या पुत्राची वार्ता देणारी ‘आकाशवाणी’ ही सर्वांत मोठी भविष्यवाणी. तिनें सांगितलेलें टळलें नाहीं. पण तें टाळण्याच्या भयानें कंसानें जीं बालकें मारलीं त्यांचें भविष्य कोणीं भाकलें नव्हतें. तोच शब्द १९३५ सालीं म्हैसूर येथील एका नभोवाणी केंद्रानें आपल्या नांवासाठीं घेतला, आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांच्या अखेरीस तो साऱ्या देशाच्या नभोवाणीचें नांव झाला. आतां ती वाणी कोणाच्या मृत्यूची वार्ता आधीं देत नाहीं. संध्याकाळच्या बातम्यांच्या शेवटीं ती ‘उद्यांच्या हवामानाचा अंदाज’ सांगते, कोंकण किनाऱ्यावरील कोळ्यांस समुद्रांत न जाण्याचा इशारा देते, आणि त्या इशाऱ्यावर विसंबून होड्या किनाऱ्यास लागतात.